मुक्काम पोस्ट मूल, समुद्राकाठी

माणसानं फोनवर बोलताना एक हात मोकळा ठेवू नये. मोकळा हात छातीवर जातो, छाती फुगते, आणि मग तोंडातून काय बाहेर पडेल त्याचा नेम राहत नाही. संघपाल निमगडे यांची सगळी भानगड या मोकळ्या हातापासून सुरू झाली, असं ते आता स्वतःच सांगतात. आधी नव्हते सांगत. आधी ते म्हणायचे की चूक टेलिफोन कंपनीची आहे, आवाज फार स्वच्छ येत होता.

निमगडे चंद्रपूरकडच्या मूल गावी, पाटबंधारे उपविभागात हेडक्लार्क. उभी नोकरी दुसऱ्यांचं पाणी अडवण्यात, सोडण्यात आणि का सोडलं नाही त्याची कारणं लिहिण्यात गेली. त्यामुळे पाणी म्हणजे आपला प्रांत, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांची एकुलती लेक नंदिनी पुण्याला औषधांच्या कंपनीत. तिथेच सुजात मोहिते नावाचा रत्नागिरीकडचा मुलगा. दोघांचं ठरलं होतं, लग्नानंतर रत्नागिरीकडेच राहायचं हेही ठरलं होतं, सुजातच्या वडिलांनी मान डोलावली होती, निमगड्यांच्या घरूनही हरकत नव्हती. अडलं होतं सुजातच्या आईपाशी. मोहितेबाई नाही म्हणत नव्हत्या आणि होही म्हणत नव्हत्या. बुद्धपौर्णिमेला मूलला यायचं, घर बघायचं, माणसं बघायची आणि मग बोलायचं, असं त्यांनी सांगितलं होतं.

"बाबा," नंदिनीनं बजावलं होतं, "काकूंच्या मनाविरुद्ध मले त्या घरी नाई जायचं. तुम्ही फक्त साधे राहा. जास्त काही करू नका."

आता निमगडे साधेच राहिले असते. पण मोहितेबाईंनी फोनवर सहज विचारलं, "आमचं काय हो, दारातच समुद्र. तुमच्याकडे काय असतं बघण्यासारखं?"

या प्रश्नाला मूलचं शेंबडं पोरगंही 'वाघ' असं उत्तर देतं. मोहर्लीच्या जंगलात जा, जिप्सीत बसा, दिसला तर वाघ, नाही दिसला तर रानडुक्कर. पण निमगड्यांना प्रश्न ऐकूच आला नाही. त्यांना ऐकू आलं 'दारातच समुद्र'. पाण्याच्या बाबतीत कुणी आपल्याला खाली बघायला लावावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यात आदल्याच आठवड्यात ते नागपूरला दाढ काढायला गेले होते आणि त्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचे मासे, प्रवाळ वगैरे पाहून आले होते. मोकळा हात छातीवर गेला.

"दारात काऊन जी?" निमगडे म्हणाले. "आमच्या तं घरातच हाय समुद्र!"

फोन ठेवला तेव्हा त्यांची बायको रिना समोर उभी होती. हातात लाटणं होतं, पण ते पोळ्यांसाठी होतं.

"कोणाच्या घरात समुद्र हाय?" तिनं विचारलं.

इथे एक सांगून टाकलेलं बरं. संघपाल निमगड्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या नजरेतलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आसोलामेंढ्याचा तलाव, तोही सरकारी दौऱ्यावर.

तर पेटी आली. समोरच्या खोलीत दिवाण होता, तो हलवून तिथे लोखंडी घडवंचीवर चार फुटांची काच ठेवली. नागपूरच्या दुकानदारानं मिठाच्या थैल्या दिल्या, पंप दिला, निळा दिवा दिला, सच्छिद्र दगड दिले आणि एक सूचना दिली की पाणी तयार व्हायला महिना लागतो, तोवर आत काही सोडायचं नाही. झालं. निमगडे रोज ऑफिसातून येत, शर्ट काढत आणि बनियनवर पाण्यापुढे खुर्ची टाकून बसत. आत दगड, दगडांवर निळा उजेड आणि उजेडात काहीच नाही.

त्यांची आई अंजनाबाई दोन दिवस येता-जाता नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"काय पाहून राह्यला बापा?"

"पाणी पिकून राह्यलं, माय. पिकलं की मासे टाकाचे."

"पाणी पिकते?"

"पिकते."

"आन मीठ कायले टाकलं त्याच्यात? गावच्या मामा तलावात गोड्या पाण्यात फुकट मासे हाय. तू मीठ इकत आणून खाऱ्या पाण्यात इकतचे मासे टाकून राह्यला. बापूराव असते तं काय म्हणले असते?" बापूराव म्हणजे निमगड्यांचे दिवंगत वडील. ते फारसं काही म्हणत नसत, पण अंजनाबाई त्यांच्या तोंडी दर आठवड्याला नवं मत घालत असे.

शेजारचे गुणवंतराव वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले होते. जगातली कुठलीही अडचण त्यांना वाघाच्या अंगानंच दिसायची. पोराचं लग्न जमत नाही? दबा धरून बसा. गुडघे दुखतात? पायवाट बदला. त्यांनी रिकाम्या पेटीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "निमगडे, पाणवठा केला की जनावर आपोआप येते. फक्त वाऱ्याची दिशा पाहून बसा." त्यांच्या बायकोनं, गुणाबाईनं, विचारलं, "मासे कुठी हाय?" निमगडे म्हणाले, "येणार आहेत." त्यावर गुणवंतराव हसले. निमगड्यांच्या खात्यात एरवी कालवा असतो आणि पाणी येणार असतं. इथे पाणी आलं होतं, ही प्रगतीच म्हणायची, असं ते नाक्यावर चार लोकांना सांगून आले.

मासे आणायला निमगडे नागपूरला गेले आणि लाल एसटीनं परत आले. मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात फुगवलेल्या पिशव्या. उमरेडपर्यंत ठीक होतं. मग कंडक्टरनं डबा उघडायला लावला. "जिवंत जनावर असन तं तिकीट लागन," तो म्हणाला. निमगडे म्हणाले, नियम दाखवा. कंडक्टर म्हणाला, कोंबडीचा दाखवतो. निमगडे म्हणाले, कोंबडी जमिनीवर राहते. मागच्या सीटवरून एक म्हातारा म्हणाला की आपण एकदा सासुरवाडीला बदकं नेली होती, बदक दोन्हीकडे राहते, आणि अर्धी गाडी बदकांच्या तिकिटावर बोलू लागली. नागभीड येईपर्यंत तीन पक्ष पडले होते. पुढच्या सीटवरची बाई मात्र पिशवीतल्या माशाकडे बघून एवढंच म्हणाली, "येवढ्याशाचं कालवण किती लोकाले पुरन?"

पेटीत अखेर वस्ती झाली. झेंडूच्या रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा एक जोकर मासा; अंजनाबाईनं त्याच्या रंगावरून त्याला दसरू म्हणायला सुरुवात केली. शंखात राहणारा एक खेकडा, तो पोचू. दोन गोगलगायी, एक लाल-पांढरी कोळंबी आणि दुकानदारानं पावती करून दिलेलं, परदेशातल्या शेतात वाढवलेलं मऊ प्रवाळ. तपकिरी, गोल, दगडाला चिकटलेल्या छत्र्याच त्या. निमगडे काही बोलायच्या आत अंजनाबाईनं हात जोडले.

"अवं माय! ह्या तं सात्या होत!"

पावसाळ्यात वारुळावर सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, उगवल्या की आमच्या भागातली माणसं पहाटे उठून रानात पळतात. गुणाबाईला बोलावणं गेलं. तिनं वाकून बघितलं आणि विचारलं, "कांदा टाकून करता का नुसत्या तेलावर?"

"हे प्रवाळ हाय!" निमगडे ओरडले. "जिवंत प्राणी हाय तो!"

हे वाक्य गुणवंतरावांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम ड्युटीवर असल्यासारखा झाला. "प्रवाळ? अरे बाप्पा निमगडे, प्रवाळ तं वाघाच्या यादीत हाय! पहिल्या नंबरच्या यादीत! सरकारी माणूस तुम्ही, पेन्शनचा तरी विचार करा."

निमगड्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पावती घेऊन ते स्वतःहून वनखात्याच्या कचेरीत हजर झाले. शहाणा माणूस सरकारी कचेरीत बोलावल्याशिवाय जात नाही, हे स्वतः कचेरीत बसणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं होतं. टेबलामागच्या बाबूंनी कागद पुढे ओढला.

"जनावर म्हणता. पाय किती?"

"पाय नाहीत."

"शेपूट?"

"नाही."

"तोंड तरी?"

"आहे. एकच. मधोमध."

"मग मागची बाजू?"

निमगड्यांनी दुकानदारानं दिलेली सगळी माहिती पाठ केली होती. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "तीच."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. "निमगडे साहेब, आपण दोघंही सरकारी माणसं आहोत," ते म्हणाले. "अशी मस्करी करू नये."

तरीही कागद पुढे गेला, कारण कागदाला पाय असतात. दोन दिवसांनी निमगड्यांच्या दारापुढे वनखात्याची जीप उभी राहिली. साहेब, दोन वनरक्षक, एक जाळी आणि, आलोच आहोत तर असू द्या म्हणून, एक पिंजरा. दहा मिनिटांत बोळ भरला. कुणी म्हणालं बिबट्याचं पिल्लू सापडलं, कुणी म्हणालं अजगर. एका वनरक्षकानं हळूच पेटीत काठीचं टोक घातलं. छत्रीनं अंग चोरलं. "जिता हाय जी!" तो ओरडला आणि खिडकीशी गर्दी केलेले लोक मागच्यांच्या पायांवर पडले. साहेब बरे होते. त्यांनी पावती वाचली, मोबाइलवर कुठेतरी विचारलं, आणि सांगितलं की यादीतलं ते दगडासारखं टणक प्रवाळ, हे मऊ आहे, कागदपत्रं ठीक आहेत, हरकत नाही, फक्त जपा. जीप गेली. मूल शहरानं मात्र त्यातून आपल्यापुरता अर्थ काढला: निमगड्याच्या घरी वाघासारखं काहीतरी आहे, लहान आहे म्हणून सोडलं.

आणि मग ऊन तापलं.

चंद्रपूरचं ऊन बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुपारी नळ सोडला तर चहापत्तीच टाकायची बाकी राहते. पेटीतलं पाणी तापायला लागलं, दसरू वरच्या कोपऱ्यात येऊन धापा टाकायला लागला, छत्र्या सुकल्यागत बसल्या. पौर्णिमा जवळ आली होती. समुद्र शिजत होता. निमगड्यांनी पंधरा उन्हाळे कूलरवर काढले होते. रिनानं एसीचं नाव काढलं की ते म्हणायचे, एसीनं हाडं धरतात. आता त्यांनी समोरच्या खोलीत एसी बसवला.  त्या दिवसापासून रिना नवऱ्याला काही सांगायचं असलं की माशाला सांगे. "दसरू, ह्यायले म्हणा, गॅस संपला."

घरचा जुना पत्र्याचा कूलर मागच्या पडवीत गेला. त्याच्या बाजूच्या गवताच्या ताट्या झिजलेल्या होत्या, त्यामुळे तो हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही अंगावर उडवायचा. त्यापुढे झोपलं की सकाळी उशी ओली. पण मोटर दणकट, फेकवत नव्हता कुणाला.

एसीची बातमी बोळात पसरायला खोली थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गुणवंतराव दुपारी जेवून यायचे, "दसरूले पाहून जातो," म्हणायचे, आणि पेपर, चष्मा, पानाचा डबा घेऊन सूर्य मावळेपर्यंत दसरूला पाहायचे. गुणाबाई निवडायला तांदूळ आणायची. सुकलू मासेवाला सायकल सावलीला लावून मोडकी पाटी डोक्याखाली घ्यायचा आणि दारातच आडवा व्हायचा. निमगड्यांना ते फार लागायचं, कारण मासे पाहायला मासेवाला यावा आणि माशांकडे पाठ करून झोपावा! सगळे येता-जाता काचेवर टिचक्या मारायचे. छत्र्या मिटायच्या. "लाजली, लाजली," म्हणून अंजनाबाई सगळ्यांना दाखवायची. निमगडे चिडले की लोक म्हणायचे, "इतकी काऊन कुरकुर करता भाऊ, तुमच्याच माशाची वाहवा करून राह्यलो ना आम्ही."

एके दिवशी गुणाबाईला दसरूची दया आली. दुकानातले ते मोहरीएवढे दाणे खाऊन जीव कसा धरावा? तिच्या भावाची राईस मिल. तिनं पदरातून मूठभर कोंडा आणला, ताजा, मऊ, आणि निमगडे ऑफिसात असताना पेटीत टाकला. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, माशांना कोंडा म्हणजे पंगतच. संध्याकाळी निमगडे आले तेव्हा समुद्राची पेज झाली होती. दसरू कुठे दिसेना. पोचू काचेवर चढून बाहेरचा रस्ता शोधत होता.

"जेवला तो पोटभर," गुणाबाई म्हणाली, "म्हणून झोपला असन."

निमगड्यांनी डोक्याला हात लावला आणि पाणी बदलायला घेतलं. बादलीमागून बादली काढली आणि मागच्या अंगणात ओतली. सकाळी रिना सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोडायला गेली. तिचा कोवळ्या सांबाराचा वाफा, जो तिनं उन्हाळ्यात शेणखत घालून, जुनं लुगडं टांगून जगवला होता, पार मान टाकून पडला होता. तिनं एक काडी तोडली, चावली आणि थुंकली. मग ती आत आली. या वेळी माशाला नाही, थेट नवऱ्याला बोलली.

"याच्यापुढं खाऱ्या पाण्याचा एक थेंब माह्या अंगणात पडला, तं हे पेटी आन तुम्ही, दोघंही सुकलूच्या पाटीत जासान."

म्हणून पौर्णिमेच्या तीन दिवस आधी जेव्हा पुन्हा पाणी काढावं लागलं, तेव्हा निमगड्यांनी ते पडवीतल्या निळ्या ड्रममध्ये भरून झाकण लावलं. कुठे टाकावं ते पुढे बघू. ते पाणी तिथे उकाड्यात मुरत राहिलं, आणि त्याला वास यायला लागला.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. सकाळी वंदना झाली, खीर झाली. पेटी आरशासारखी लख्ख. निमगड्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, समुद्राच्या शेजारी उभं कसं राहायचं त्याचा सराव केला. पाहुणे चंद्रपूरला रेल्वेनं उतरून गाडीनं निघाले होते, नंदिनी आणि सुजात सोबत होते. ते गावाच्या वेशीवर आले आणि बोळाच्या टोकाला धाडकन आवाज झाला. डीपी जळाली.

एसी बंद पडला. इन्व्हर्टरवर पंप चालत होता, पंखा चालत होता, पण एसी त्याच्या आवाक्यातला नव्हता. लाइनमन म्हणाला, सांजेपर्यंत पाहतो. निमगडे दारात पळाले, मागच्या दारी पळाले, पुन्हा पुढे आले. गुणवंतरावांनी सूत्रं हाती घेतली. "कूलर आणा पुढं! इन्व्हर्टरवर कूलर चालते!" ते आणि सुकलू दोघांनी पडवीतून कूलर खेचत आणला आणि पेटीच्या बाजूला, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर रोखून ठेवला. तेवढ्यात गाडी थांबली आणि निमगडे हात जोडून बाहेर धावले. नळाचा त्या दिवशी नागा होता. कूलरमध्ये पाणी कुठून आणलं, हे पाहायला ते आत नव्हते.

मोहितेबाई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांची दशा बघवत नव्हती. ओठ फुटलेले, डोळे तांबारलेले, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. "जयभीम," एवढं पुटपुटून त्या खुर्चीत टेकल्या. पाणी प्यायल्या. सरबत नको म्हणाल्या. खीर नको म्हणाल्या. "इथे वारा पण भाजका आहे हो," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. पण खोली लहान, सगळ्यांनी ऐकलं. नंदिनीचा चेहरा पडला. ती पाण्याचे ग्लास उचलायच्या निमित्तानं बापाजवळ आली.

"बाबा, कालपासून जेवल्या नाईत त्या," ती म्हणाली. "गाडीत म्हणत होत्या, इतक्या लांब, इतकं वेगळं, कसं जमायचं. मले वाटते, नाई म्हणतील."   माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो, आणि निमगड्यांच्या हाताला समुद्र आला.

"हा पाहा," ते मोहित्यांना म्हणाले, "आमच्या घरचा समुद्र."

मोहिते सज्जन गृहस्थ, रेशनच्या दुकानाचे मालक. वाकून त्यांनी बघितलं. "अरे वा, शंखातला खेकडा! आमच्याकडे हे ढिगानं. पोरं आंघोळीला गेली की पायाला चावतात." मग कोळंबी बघितली. "हिची मोठी बहीण काल सकाळी डब्यात होती." मग सरळ झाले आणि चेहरा एकदम लहान मुलासारखा करून म्हणाले, "बरं निमगडे साहेब, वाघ कधी दाखवताय? मी त्याच्यासाठीच आलोय हो. हिला म्हटलं, आपण वाघाच्या गावचे व्याही होणार!"

निमगड्यांना वाटलं की घडवंचीखाली जाऊन बसावं. दोन महिन्यांची हमाली, वनखात्याची जीप, रिनाचा सांबार, एसी, सगळं एका वाघानं खाल्लं. "कूलर लावा कोणीतरी," ते क्षीण आवाजात म्हणाले.

कूलर लागला. घरघरला, खोकला, आणि मग भक्कन वारा आला. सुरुवातीला गरम, मग गार. ताट्यांतून बारीक तुषार उडायला लागले. गुणवंतरावांनी चष्मा पुसला. थोड्या वेळानं पुन्हा पुसला. निमगड्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर पांढरे ठिपके उमटले. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि जागच्या जागी थिजले. खारट. पुन्हा फिरवली. खारट, आणि त्यात तो वास. ते मागे पडवीत गेले, ड्रमचं झाकण उचललं. ड्रम कोरडा.

"माय," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कूलरमंदी कोणतं पाणी टाकलं?"

"तुह्या डरमातलं," अंजनाबाई म्हणाली. "चांगलं पाणी भरून ठेवलं होतं, काऊन वाया घालवाचं? पाण्याचे दिवस हाय का हे?"

आमच्या भागात उन्हाळ्यात झाकून ठेवलेलं पाणी एकतर पाहुण्यांचं असतं नाहीतर कूलरचं. तिचं काय चुकलं? निमगडे आत धावले, कूलरच्या बटणाकडे हात नेला.

"बंद नका करू!"

खोलीत सगळे वळले. मोहितेबाई ताठ बसल्या होत्या. पदर खांद्यावर आला होता. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "वास आला का? ओहोटीला किनाऱ्यावर येतो बघा, तो."

मोहित्यांनी नाक वर केलं. "खरंच की गं. खारं वारं."

बाईंनी खुर्ची उचलून कूलरसमोर सरकवली. तोंडावर तुषार घेतले. मग डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा खोलीकडे नीट बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "ती खीर आहे का हो अजून?"

खीर होती. वरण, भात, वांग्याची भाजी, सगळं होतं. बाई जेवल्या. दुसऱ्यांदा भात घेतला. नंदिनी वाढत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. तिनं सांगितलं की मीठ उडतंय. सुजात हसू दाबत पोचूकडे बघत होता. "मी सांगतलं होतं ना," गुणवंतराव सुकलूच्या कानाशी लागले, "वाऱ्याची दिशा पाहून बसा."

जेवण झाल्यावर मोहितेबाईंनी अंजनाबाईचा हात हातात घेतला. "मला एकच भीती होती हो आजी," त्या म्हणाल्या. "आमच्या तिथे बाहेरची सून टिकत नाही. कपडे चिकट राहतात, पापड सादळतात, लोखंड बघता बघता गंजतं, आणि तो वास चोवीस तास. माझी थोरली जाऊ वर्षात वैतागून मुंबईला गेली. म्हटलं, ही पोर तर कोरड्या मुलखातली." मग त्या निमगड्यांकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि तुम्ही तिला सवय व्हावी म्हणून घरात खारं वारं खेळवलंत! असा बाप मी बघितला नाही. मुलगी आमची झाली."

 निमगड्यांचा मोकळा हात हळूहळू वर उचलला गेला आणि छातीकडे निघाला. तोंड उघडलं. "त्याचं असं झालं, मोहितेबाई..."

रिनानं त्या हातात खिरीची वाटी दिली. दुसरा हात निघाला, त्यात पाण्याचा तांब्या दिला. दोन्ही हात अडकले आणि निमगड्यांचं तोंड मिटलं. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात शहाणपणाचा क्षण होता, आणि तोही बायकोचा होता.

दुसऱ्या दिवशी मोहित्यांना मोहर्लीला नेलं. वाघ दिसला नाही, रानडुक्कर दिसलं, तेही मागून. मोहिते इतके खूश झाले की त्यांनी डुकराचाच फोटो गावाकडे पाठवला.

दिवाळीनंतर लग्न झालं. कूलर तोवर गंजून भंगारात गेला होता. दसरू आणि पोचू मात्र अजून आहेत, आणि रिना आता त्यांच्याशी स्वतःचंही बोलते. लग्नानंतर निमगडे मंडळी लेकीचं घर बघायला रत्नागिरीकडे गेली. संध्याकाळी मोहिते सगळ्यांना घरामागच्या वाळूवर घेऊन गेले.

निमगड्यांनी समुद्र पाहिला. बोट बुडवलं, चाखलं. पुढे नंदिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून हात हलवत होती, तिच्या साडीचा काठ भिजला होता, आणि ती अगदी इथलीच वाटत होती. ते त्यांना फार आवडलं आणि फार सहनही झालं नाही.

"काय निमगडे साहेब," मोहित्यांनी विचारलं, "कसा वाटला आमचा समुद्र?"

दोन्ही हात मोकळे होते. एकही वर गेला नाही. पाण्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

अंजनाबाई वाळूत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे बारीक करून बघत होती.

"बापा," ती शेवटी म्हणाली, "येवढं पाणी बदलवते कोण रे?"

"आता नंदिनी हाय ना इथी, माय," निमगडे म्हणाले. "ती पायते."